लंडनच्या नोकरीची भावकीत चौकशी

ऋषिराज हंबीरराव यादव इंग्लंडात शिकून पदवीधर झाला, तेव्हा त्याचं गाव तांबुळवाडी धरूनच चाललं की तिकडचे लोक पदवीबरोबर नोकरीही देत असतील. माणसाला एवढ्या लांब बोलावून घ्यायचं आणि नुसता कागद हातात देऊन वाटेला लावायचं, हे कुठल्याही पाहुणचारात बसत नाही. साताऱ्याच्या ज्या मार्गदर्शन केंद्राने त्याला पाठवलं होतं, तिथल्या भिंतीवर काळ्या टोप्या हवेत उडवणाऱ्या मुलांचे फोटो होते. टोपी खाली आल्यावर त्या मुलांचं पुढे काय झालं ते भिंतीवर नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पदवीनंतर काम शोधायला तिथलं सरकार ऋषिराजला दोन वर्षं देणार होतं. तेवढ्यात एखाद्या कंपनीने ‘हा माणूस आम्हाला पाहिजे, याच्या व्हिसाची जबाबदारी आमची’ असं लिहून द्यायला हवं, नाहीतर बॅग भरायची. लीड्स नावाच्या शहरातल्या एका खोलीत बसून तो अर्ज पाठवायला लागला. कंपन्यांची उत्तरं फार सभ्य असत. तुमचा अर्ज वाचून आम्ही प्रभावित झालो, असं पहिल्या ओळीत असे आणि ‘दुर्दैवाने’ हा शब्द दुसऱ्या ओळीत. पुढेपुढे तो थेट दुसरी ओळच वाचायला लागला. काही कंपन्यांशी बोलणी शेवटपर्यंत जात, मग व्हिसाचा विषय निघाला की, पाहुणे जेवायला थांबणार म्हटल्यावर चिक्कू घरातली बाई जशी आत जाते, तशा त्या आत जात आणि पुन्हा बाहेर येत नसत. पोटासाठी तो वृद्धांच्या एका निवासात काम करत होता. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, चाकाच्या खुर्चीत बसवून उन्हात न्यायचं. म्हणजे ऊन असेल त्या दिवशी.

गावात मात्र तो मॅनेजर होता. हे पद त्याला वडिलांनी दिलं होतं. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पद वरून मिळतं, खालच्याला विचारून मिळत नाही, ही तिथली रीत त्यांनी घरी आणली होती. पहिल्या वर्षी मुलगा ट्रेनिंगला आहे असं त्यांनी स्टँडवर सांगितलं आणि दुसऱ्या वर्षी त्याला बढती देऊन टाकली. मुलगा फोनवर म्हणायचा, आबा, असलं काही सांगत जाऊ नका. आबा म्हणायचे, तू तुझी आघाडी सांभाळ, इकडची माझ्याकडं हाय.

व्हिसा एप्रिलअखेर संपणार होता. मार्चच्या सुरुवातीला एका कंपनीने होय म्हटलं. मोठमोठ्या गोदामांत कुठला माल कधी संपेल ते आधी ओळखून सांगायचं, असं काम होतं. त्याने शिकलेल्या विषयातलंच काम मिळाल्यामुळे पहिल्यांदा त्याला फसवणुकीचा संशय आला. पण कंपनी खरी होती. पत्रात पद होतं, पगार होता, व्हिसाची जबाबदारी होती आणि तळाला एक अट होती. अर्जातल्या माहितीची खातरजमा व्हावी, मगच हे सगळं. अर्जात त्याने खरं तेच लिहिलं होतं. सध्याचं काम, वृद्धनिवासात मदतनीस. कायमचा पत्ता, तांबुळवाडी, तालुका कडेगाव. त्याने घरी फोन लावला.

“आबा, कोणतरी चौकशीला येईल. कवा येईल ते सांगत न्हाईत, कुठल्या कंपनीकडनं आलाय तेबी सांगत न्हाईत. विचारील त्याचं खरं उत्तर द्यायचं, एवढंच.”

“इन्स्पेक्शन म्हण की.”

“व्हय. आणि आबा, खरं म्हंजे माझं खरं. तुमचं न्हवं.”

हंबीररावांपुढे मोठा पेच पडला. गावाला ‘खरं सांगा’ म्हणायचं तर खरं काय ते आधी गावाला सांगावं लागणार. चौकशी येणार हे त्यांनी फक्त बायकोला, बनुबाईंना सांगितलं, तेही थोडं सजवून. विलायतेचं इन्स्पेक्शन म्हणजे चारचाकी येणार, साहेब टायमध्ये असणार, बरोबर एखादा गोराही असू शकेल. मग फौजेत साहेब यायच्या आधी जे करतात ते त्यांनी केलं. अंगणातल्या झाडांची खोडं गेरू आणि चुन्याने रंगवली, दारापुढच्या दगडांना एकाआड एक पांढरा रंग दिला आणि म्हशीला धुतलं. चुना उरला म्हणून गोठाही रंगवला.

विलायतेची कंपनी मात्र इतकी लांबून कुणाला पाठवत नसते. तिने हे काम बंगळूरच्या एका कंपनीला दिलं. बंगळूरने पुण्याला दिलं, पुण्याने सांगलीला. ऊसतोडीचा ठेका जसा कारखान्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून टोळीकडे उतरत येतो आणि शेवटी कोयता एकाच माणसाच्या हातात असतो, तसं हे काम उतरत उतरत सांगलीच्या अफताबच्या हातात आलं. अफताबने बी.कॉम. केलं होतं, वर एम.बी.ए. केलं होतं, आणि आता मोटारसायकलवरून गावोगाव फिरून लोकांचे पत्ते आणि नोकऱ्या खऱ्या आहेत का ते पाहत होता. स्वतःला कायमची नोकरी नसताना दुसऱ्यांच्या नोकऱ्या तपासणं हीच त्याची नोकरी होती. मोबाइलच्या अॅपमध्ये माहिती भरायची आणि शेवटी रंग द्यायचा. हिरवा दिला तर नोकरी पक्की, लाल दिला तर गेली. अर्जात लिहिलेलं एक आणि गावात निघालं दुसरं, की लाल.

नेमकं याच सुमाराला ऋषिराजला म्हसवडचं एक स्थळ सांगून आलं होतं. ऋषिराजला ते माहीत नव्हतं, पण गावाला होतं.

आता स्थळाची चौकशी कशी होते, हे या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहे. सोयरे स्वतः येत नाहीत. मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस येतो, स्टँडवर उतरतो, अमक्याचं घर कुठं म्हणून विचारतो आणि मुलगा कसा आहे ते बोलता बोलता काढून घेतो. आपण कुणाकडून आलो ते तो सांगत नाही आणि गाव विचारत नाही. दोन्हीकडच्यांना सगळं कळलेलं असतं. अशा वेळी गाव एक होतं. एरवी ग्रामपंचायतीत एकमेकांची डोकी फोडणारी माणसं परक्यापुढे एकमेकांच्या मुलांना निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि बागायतदार करून सोडतात. प्रत्येकाच्या घरात लग्नाचं कुणीतरी असतं. आज मी तुझ्या पोरासाठी खोटं बोललो, तर उद्या तू माझ्या पोरासाठी बोलशील, असा हा सहकार आहे, आणि कारखान्यापेक्षा तो बरा चालतो.

याला अपवाद भावकीचा. प्रत्येक भावकीत सोयरीक मोडणारा एक माणूस असतो. हंबीररावांच्या भावकीत तो मान त्यांचा चुलतभाऊ नाथाजी याच्याकडे होता. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध होता आणि तो कधी इकडे तर कधी तिकडे सरकत असल्यामुळे कोर्टात दावा चालू होता. गावातली इतर सोयरीकमोडी माणसं वाटेल ते सांगत, पण नाथाजी खोटं बोलत नसे. खोटं बोलून लग्न मोडणं त्याला कमीपणाचं वाटे. तो वर्षानुवर्षं माहिती गोळा करायचा, खात्री करून घ्यायचा आणि वेळ आली की पुराव्यासकट पुढे ठेवायचा. गावात खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता आणि म्हणूनच त्याच्याशी फारसं कुणी बोलत नसे.

अफताब आला त्या दिवशी हंबीरराव पेन्शनच्या कामाला कडेगावच्या बँकेत गेले होते. अफताबने स्टँडवर अख्तरबींच्या बांगड्यांच्या दुकानापुढे गाडी लावली. गावातली प्रत्येक चौकशी इथूनच सुरू होते. बांगड्या भरताना बायकांचा हात अख्तरबींच्या हातात असतो आणि तोवर बायका बोलत राहतात, त्यामुळे कुठल्या घरात काय शिजतं आणि काय करपतं ते त्यांना घरच्यांच्या आधी कळतं.

“खाला, मी सांगलीचा अफताब. ऋषिराज यादवांचं घर कुठं? जरा चौकशी करायची होती,” अफताब म्हणाला.

कुणाकडून, असं अख्तरबींनी विचारलं. ते सांगायची परवानगी नाही, असं अफताबने नियमाप्रमाणे सांगितलं. अख्तरबींनी मान डोलावली. म्हसवडकर हुशार दिसत होते. भावकी ओळखेल म्हणून नातेवाईक न धाडता सांगलीचं मुसलमानाचं पोरगं धाडलं, म्हणजे कुणाला वासही लागायचा नाही. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि शेजारच्या दुकानांना डोळ्यांनी इशारा केला.

मग गाव कामाला लागलं. मुलगा किती वर्षं इथला, घर स्वतःचं की भाड्याचं, स्वभाव कसा, पोलिसांत काही, सध्या कामाला कुठे, असे अॅपमधले प्रश्न होते. म्हसवडच्या कुठल्याही मामाने याहून वेगळे विचारले नसते. अख्तरबींनी त्याला लंडनमध्ये मॅनेजर केलं. सलूनवाल्याने त्याच्या हाताखाली दोनशे माणसं दिली. सोसायटीचे सचिव उसाची नोंद करून घ्यायला आले होते, त्यांनी त्याला कायम केलं, कंपनीची गाडी दिली आणि तिकडचं नागरिकत्वही जवळजवळ मिळवून दिलं. त्याने तिकडे घर घेतल्याचं तर तिघांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिघांची घरं वेगवेगळ्या शहरांत निघाली. पुन्हा गावाकडे येणार का, असं अफताबने विचारलं, तर सगळे हसले. असल्या माणसाला कंपनी सोडते व्हय, असं सचिवांनी उलट विचारलं.

अफताब एकेक उत्तर भरत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. अर्जात मदतनीस लिहिलं आहे आणि गाव म्हणतंय मॅनेजर. म्हणजे पोराची दुसरीकडे मोठी नोकरी आहे आणि ती त्याने लपवली आहे. हे सरळ लाल होतं. तरी घरी विचारून खात्री करावी म्हणून तो निघाला. निघताना बहिणीसाठी डझनभर बांगड्या घेतल्या आणि पैसे मोबाइलवरून दिले.

घरी बनुबाई होत्या. इन्स्पेक्शन येणार हे त्यांना माहीत होतं. पण इन्स्पेक्शन टाय लावून चारचाकीतून येणार होतं, आणि दारात उभा होता तो धुळीने भरलेल्या मोटारसायकलवरचा, हेल्मेट काखेत घेतलेला पोरगा. शिवाय अख्तरबींचा फोन आधीच येऊन गेला होता. बनुबाईंनी पोहे टाकले. म्हसवडचं काही कळलंय असं दाखवायचं नसतं, म्हणून त्यांनी तेही दाखवलं नाही.

अफताबने विचारलं, मुलगा काय काम करतो. बनुबाई म्हणाल्या, आवं, साहेब हाय, बसून असतो, सगळं हाताखालचे करत्यात. त्याने विचारलं, वृद्धनिवासात वगैरे कधी होता का. भावकीतल्या कुणीतरी कान भरले असतील असं समजून बनुबाईंनी ते अंगावरून झटकून टाकलं. माझ्या पोरानं घरात कवा पाण्याचा तांब्या उचलला न्हाई, म्हणाल्या, दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांचं काय करील. राहतो कुठे, तर दुमजली घरात. हे खरं होतं. त्या घरात आणखी सहा पोरं राहत होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

“आणि बायकूला काय बी करायला लागायचं न्हाई,” त्या म्हणाल्या.

अफताब दचकला. अर्जात अविवाहित असल्याचं लिहिलं होतं. “बायको आहे त्यांना?”

“न्हाई वं. जी येईल ती.”

हे अॅपमध्ये कुठे भरायचं ते अफताबला कळेना. त्याने घराचा फोटो काढला. चुन्याने रंगवलेला गोठा आणि धुतलेली म्हैस दोन्ही त्यात छान आली. पोहे चांगले झाले होते, तेवढं मात्र तो मनापासून बोलला आणि निघाला. लाल रंगाच्या बटणावर बोट ठेवायचं एवढंच राहिलं होतं. ते गावाबाहेर जाऊन, रेंज बघून करू, असं त्याने ठरवलं.

कालव्याच्या पुलावर नाथाजी त्याची वाट पाहत उभा होता.

नाथाजीने हात आडवा केला, गाडी बाभळीच्या सावलीत घ्यायला लावली आणि सुपारी पुढे केली. गावाने काय सांगितलं असेल ते त्यानेच म्हणून दाखवलं. एकही गोष्ट चुकली नाही.

“मॅनेजर म्हणले असतील.”

“हो.”

“मॅनेजर कशाचा. म्हातारी माणसं धुतो तिकडं,” नाथाजी म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला.

ऋषिराजने कधीतरी हौसेने एक फोटो टाकला होता. अंगात निवासाचा निळा अंगरखा, पुढ्यात चाकाची खुर्ची, खुर्चीत गळपट्टा गुंडाळलेला एक हसरा म्हातारा आणि मागे निवासाचं नाव. वडिलांनी ओरडून तो तासाभरात काढायला लावला. पण त्या तासाभरात नाथाजीने तो उतरवून ठेवला होता. मोबाइलवरचं चित्र उतरवायचं कसं, हे तो त्यासाठी मुद्दाम कडेगावला जाऊन शिकून आला होता. अफताबने फोटो मोठा केला. अर्जात निवासाचं जे नाव होतं तेच पाटीवर होतं.

अफताबने लाल बटणाचा विचार सोडला आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायला घेतले.

दारू पितो का, तर नाही. नाथाजीने हे दुःखाने सांगितलं. दोन गणेशोत्सव तो पाळतीवर होता. एकदा पोरगं तांब्या तोंडाला लावताना दिसलं म्हणून धावत गेला, तर आत ताक निघालं. शिक्षण खरं का, तर खरं. तो परदेशी जाण्याआधी शिकला त्या इथल्या विद्यापीठात नाथाजीने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला होता आणि पोरगं दरवर्षी पास झाल्याचं लेखी उत्तर त्याच्या घरी होतं. पोलिसांत काही आहे का, यावर मात्र नाथाजीचा आवाज चढला.

“केस हाय की. मीच घातलीय. बांधावरनं.”

“त्यात मुलाचं नाव आहे?”

“न्हाई,” नाथाजी म्हणाला. “घालायचा लय प्रयत्न केला मी. पोरगं त्या दिशी कॉलेजात हुतं. फौजदार ऐकंना.”

अफताबने सगळं भरलं. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी नेटकी माहिती त्याला कुणी दिली नव्हती. लोक मित्रांविषयी बोलताना हवेत बोलतात. या माणसाने त्या पोराचा जन्मभर अभ्यास केला होता, आणि अर्जातल्या एकेका ओळीला त्याच्याकडे पुरावा होता. अफताबने विचारलं, तुमचं नाव लिहिलं तर चालेल का. एरवी सोयरीक मोडणारा नाव देत नाही, पण आपल्या मेहनतीची एवढी कदर करणारा श्रोता नाथाजीला पहिल्यांदाच भेटला होता. लिव्ह, म्हणाला, भीतो का काय मी. माहिती देणाऱ्याचं नातं काय, या प्रश्नाला अॅपमध्ये मित्र, शेजारी, नातेवाईक आणि घरमालक एवढेच पर्याय होते. अफताबने शेजारी निवडलं. नाथाजीने काचेवर बोटाने सही केली आणि म्हसवडचा घास हंबीररावाच्या तोंडातून काढला या समाधानात तो घरी जाऊन दुपारचा झोपला.

हंबीरराव कडेगावहून आले तेव्हा बनुबाई खुशीत होत्या. म्हसवडचा माणूस येऊन गेला आणि सगळं कसं झक्क झालं ते त्यांनी सांगितलं. हंबीररावांनी निम्मं ऐकलं आणि विचारलं, घराचा फोटो काढला का. काढला. गळ्यात कार्ड होतं का. होतं, पण उलटं. हंबीरराव चपला न काढता खाली बसले.

“म्हसवडवाले घराचा फोटो कशाला काढतील, बनू. इन्स्पेक्शन हुतं ते.”

त्यांनी मुलाला फोन लावून बनुबाईंच्या हातात दिला. ऋषिराज एका म्हाताऱ्याला भरवत होता. त्याने चमचा खाली ठेवून सगळं ऐकलं. मॅनेजर, घर, कंपनीची गाडी. मागे कुणीतरी इंग्रजीत खीर मागत होतं.

“ऱ्हाऊ दे, आई,” तो म्हणाला. “मी येतो. एप्रिलला तिकीट काढतो.”

बनुबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. दोन वर्षं पोरगं कधी येणार म्हणून त्यांनी देवाला विचारलं होतं. तो असा येणार असं विचारलं नव्हतं. हंबीररावांना काहीतरी बोलायचं होतं, पण फौजेत चूक कबूल करायचा हुकूम नेहमी वरून यायचा आणि इथे वर कुणी नव्हतं. “थांब जरा. तिकीट काढू नको,” एवढंच ते म्हणाले आणि तसेच उठून अख्तरबींच्या दुकानी गेले.

झालं ते त्यांनी अख्तरबींना सांगितलं. मुलगा मॅनेजर नाही, हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं. अख्तरबी म्हणाल्या, ते माहीत होतं हो सगळ्यांना. तुम्ही एवढ्या हौसेनं सांगत होता, म्हणून आम्ही पण म्हणत होतो. मग त्यांनी बांगड्यांचे पैसे ज्या नंबरावरून आले होते तो नंबर काढून दिला.

अफताब आधी काही सांगायला तयार नव्हता. नियम होते. पण सुभेदाराने ‘साहेब’ म्हटल्यावर तो विरघळला. त्याला साहेब म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

“काका, काळजी करू नका. रिपोर्ट हिरवा गेलाय.”

“कसा काय? गावानं तर…”

“गावाचं मी धरलं नाही. एका शेजाऱ्यांनी पुराव्यासकट सांगितलं सगळं. कालव्यावर भेटले होते. असा माणूस शेजारी असायला नशीब लागतं.”

हंबीररावांनी फोन ठेवला. कालव्यावर दुपारी कोण उभं असतं हे त्यांना सांगायला नको होतं. नोकरी पक्की झाल्याचा आनंद आणि ती कुणी पक्की केली याची चीड एकदमच वर येत होती आणि दोघांना एका चेहऱ्यावर जागा पुरत नव्हती. जाताना अख्तरबींना त्यांनी बजावलं, व्हिसाचा कागद हातात पडेपर्यंत हे नाथाजीला कळता कामा नये. कळलं तर तो फिरेल.

अख्तरबींनी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी नाथाजी दुकानापुढे उभा राहून म्हसवडकरांना कसं परतवून लावलं ते ऐटीत सांगायला लागला, आणि त्यांच्याच्याने राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हसवडचा नव्हता, विलायतेच्या नोकरीचा होता, आणि तुझ्या सहीवर पोराला नोकरी लागली.

नाथाजीचा रंग उडाला. आपण एवढ्या वर्षांची मेहनत हंबीररावाच्या दारात नेऊन ओतली, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने अफताबचा नंबर मागितला. अख्तरबींनी द्यायला खळखळ केली, पण पुढे काय होतं ते बघायची त्यांनाही उत्सुकता होती. फोन स्पीकरवर ठेवायचा, या अटीवर त्यांनी दिला.

“मी तांबुळवाडीचा नाथाजी यादव. त्या दिवशी मी सांगितलं ते चुकीचं हुतं. बदलून घ्या.”

“बदलता येतं,” अफताब म्हणाला. “पुरवणी माहिती म्हणून जोडतो. मग खरं काय आहे? मॅनेजर आहे का मुलगा?”

एक शब्द पुरे होता. होय म्हटलं असतं तर रिपोर्ट उलटला असता आणि ऋषिराज एप्रिलअखेर बॅग घेऊन स्टँडवर उतरला असता. अख्तरबींच्या हातातली बांगडी हातातच राहिली. नाथाजीने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. हंबीररावाचं पोरगं मॅनेजर आहे, हे वाक्य त्याच्या गळ्यापर्यंत आलं आणि तिथे आडवं झालं.

“बोला, मी लिहितोय,” अफताब म्हणाला. “मॅनेजर आहे असं लिहू?”

“कशाचा मॅनेजर,” नाथाजी एकदम उसळून म्हणाला. “त्याचा बाप सांगत फिरतो मॅनेजर म्हणून. बापाला तरी काय कळतंय.”

“मग मदतनीसच ना?”

“मदतनीसच.”

“घर वगैरे घेतलंय?”

“भाड्याच्या घरात सात जण झोपत्यात.”

“म्हणजे आधी सांगितलं तेच बरोबर आहे.”

अफताबने आभार मानले आणि माहिती दुसऱ्यांदा पडताळून पाहिल्याची नोंद जोडून दिली. अशी नोंद पुण्याच्या ऑफिसला फार आवडते, हेही त्याने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात व्हिसाचा कागद आला. ऋषिराजने तो आधी आईला दाखवला आणि मग वडिलांना विचारलं, गावात आता काय सांगणार. हंबीरराव म्हणाले, हाय तेच सांगीन. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी त्याला असिस्टंट मॅनेजर केलं. पूर्वीच्या मानाने हा खालचाच हुद्दा होता.

त्याच संध्याकाळी नाथाजी त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. बांधाचा दावा लागल्यापासून तो या अंगणात आला नव्हता. रंगवलेल्या दगडांकडे बघत त्याने सांगितलं, की झालं ते झालं, आपण आता दावा काढून घेतोय. बांध तुला पाहिजे तिथं घाल, केस बी मिटवतो, उद्यापासनं मी तुझ्याशी गोड बोलणार. वैर करून तुझं भलं हुणार असंल तर मला ते वैर नको.

हंबीरराव गडबडीने खाली उतरले. पोराचा व्हिसा कायमचा नाही, काही वर्षांनी पुन्हा अर्ज आहे, पुन्हा चौकशी होऊ शकते, हे त्यांना आदल्याच दिवशी कळलं होतं.

“असं करू नको गड्या,” ते म्हणाले. “गावात तुझ्यासारखं खरं बोलणारं दुसरं हाय कोण?”

“ते बघ तुझं तू,” नाथाजी म्हणाला आणि जाताना बनुबाईंना वाकून रामराम करून गेला.

रामराम बघून हंबीररावांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुदळ घेतली, बांधावर गेले आणि सगळ्या गावाला दिसेल असं नाथाजीच्या बाजूला हातभर खणून आले. बनुबाईंनी धुण्याचं पाणी, साबणासकट, नाथाजीच्या दारात ओतलं. नाथाजी ओसरीवर बसून बघत होता. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती, मुठी वळल्या होत्या, आणि तरी तो दात दाखवून हसत होता.

“ओता, वयनी,” तो म्हणाला. “कढीपत्त्याला बरं असतं.”

बनुबाई रिकामी बादली घेऊन परत आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, पोरगा लागला न्हवं नोकरीला, मग आता ह्यो माणूस बिघडायच्या आत त्याच्या बापाला शिव्या दिल्या पायजेत. हंबीरराव म्हणाले, त्याचा बाप माझा सख्खा चुलता हुता. थोडा विचार करून ते उठले आणि द्यायला गेले.